निद्रेचें ऋण

नाशिक जिल्ह्यांतील निफाड तालुका थंडीसाठीं जसा प्रसिद्ध आहे, तसाच तो कांद्यासाठींहि प्रसिद्ध आहे. याच तालुक्यांत विंचूर हें गांव आहे. पेशवाईंत सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यामुळें गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. आज तें लासलगांव बाजार समितीच्या उपबाजारामुळें आणि तेथील कांद्याच्या लिलावामुळें लोकांच्या परिचयाचें आहे. या भागांत उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडींत होते. लागवडीनंतर वाफ्यांना वेळच्या वेळीं पाणी द्यावें लागतें, आणि पाणी देण्याची वेळ शेतकऱ्याच्या नव्हे, तर विजेच्या हातीं असते. महाराष्ट्रांत शेतीपंपांना वर्षानुवर्षें पाळीपाळीनें वीज मिळत आली. कांहीं दिवस ती दिवसा येते, तर कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली, कीं शेतकऱ्यानें विजेरी घेऊन दारें धरावयास जावें, एक वाफा भरला कीं दुसऱ्याचें तोंड फोडावें, आणि पहाटे घरीं परतून गुरांच्या चाऱ्यापाण्यास लागावें, असा क्रम चालतो.

अशा माणसास रात्रीच्या कष्टांविषयीं विचारलें, तर तो थंडीची तक्रार करील, विंचूकांट्याची करील, गोदाकांठच्या उसांत वावरणाऱ्या बिबट्याची करील. बुडालेल्या झोंपेची मात्र बहुधा करणार नाहीं. बियाणें, खत, मजुरी यांचा खर्च तो बोटांवर मांडून दाखवितो. परंतु त्या हिशेबांत झोंपेला रकानाच नसतो. झोंप ही फुकट मिळणारी वस्तु आहे, तेव्हां कामाला वेळ कमी पडला तर तो तिच्यांतून काढून घ्यावा, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज विंचूरच्या शेतकऱ्याचाच आहे असें नव्हे. परीक्षेचा विद्यार्थी, रात्रपाळीचा कामगार, मालमोटारीचा चालक, घरांत सर्वांच्या मागून निजणारी व सर्वांच्या आधीं उठणारी गृहिणी, हीं सर्व माणसें याच समजुतीवर चाललेलीं असतात.

वस्तुतः झोंप म्हणजे रिकामा वेळ नव्हे. चरकाचार्यांनीं आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, आणि त्यांत आहाराच्या पाठोपाठ निद्रेस स्थान दिलें. आधुनिक शास्त्रानेंहि त्या स्थानाला पुष्टीच दिली आहे. शिकागो येथील क्लाइटमन व अ‍ॅसेरिन्स्की यांनीं १९५३ सालीं असें दाखवून दिलें, कीं झोंपेंत कांहीं काळ मिटल्या पापण्यांआड डोळे वेगानें हालतात व मेंदु अत्यंत जागरूकपणें काम करीत असतो. गाढ निद्रा व ही स्वप्नयुक्त निद्रा यांचें चक्र सुमारें दीड तासाचें असून रात्रींतून तें चार-पांच वेळां फिरतें. पूर्वरात्रीं गाढ निद्रेचा भाग अधिक, तर पहाटे स्वप्नयुक्त निद्रेचा. शरीराची झीज भरून येणें, दिवसा शिकलेलें मनांत पक्कें बसणें, रोगांशीं झगडण्याची शक्ति टिकणें, हीं कामें या काळांत चालतात. म्हणून ज्याची झोंप मध्यरात्रीं मोडते आणि ज्याची पहाटे तुटते, त्या दोघांचीहि हानि होते.

शिवाय झोंपेला वेळ आहे. शरीराच्या पेशींत दिवसरात्रीचें एक घड्याळ चालू असतें. त्याची यंत्रणा उलगडून दाखविल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघां शास्त्रज्ञांस २०१७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ सूर्यप्रकाशानें लावलें जातें. यास्तव रात्रींची सात तासांची झोंप आणि दिवसा उजेडांत, गोंगाटांत व उकाड्यांत घेतलेली सात तासांची झोंप यांची किंमत एक नसते.

प्रौढ माणसास रोज किमान सात तास झोंप हवी, असें वैद्यकाचें मत आहे. ती वर्षानुवर्षें अपुरी पडली, तर रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. परंतु याहूनहि सावध करणारी गोष्ट निराळी आहे. अमेरिकेंत २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांना चौदा दिवस रोज सहाच तास निजूं दिलें. शेवटीं त्यांची अवधानशक्ति सबंध रात्र जागलेल्या माणसाइतकी मंदावली होती. परंतु आपण मंदावलों आहों, याची जाणीव त्यांना फारशी नव्हती. निद्रेचें ऋण असें फसवें असतें. सावकाराचा तगादा निदान दाराशीं ऐकूं येतो. या ऋणाचें व्याज मात्र ऋणकोच्या नकळत वसूल होत राहतें.

हें व्याज कधीं कधीं एकाच क्षणीं वसूल होतें. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हातचलाखी, रक्तांत शेंकडा ०·०५ मद्य असलेल्या माणसाइतकी ढासळते, असें १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांस आढळलें. भारताच्या मोटार कायद्यानें वाहन चालविणाऱ्यास घालून दिलेली मर्यादा शेंकडा ०·०३ आहे. रात्रभर पाणी भरून सकाळीं कांद्याची ट्रॉली लिलावास नेणारा माणूस व्यसनाला शिवलेलाहि नसेल. तरी त्याचे हात व डोळे त्या वेळीं दारूबाजाहून अधिक भरंवशाचे नसतात. दोन पेले चहा त्याची झांपड घटकाभर लांबवितो, ऋण फेडीत नाहीं. अशा वेळीं निघण्यापूर्वीं वीस-पंचवीस मिनिटें डोळे मिटणें हा आळस नव्हे, ती सावधगिरी होय.

जागरण टळतच नसेल तर काय करावें, याचा विचार आपल्या वैद्यकानें पूर्वींच केला आहे. रात्रीं जागरण घडलें, तर जितका वेळ जागलें त्याच्या निम्मा वेळ सकाळीं न जेवतां निजावें, असें वाग्भटानें सांगितलें आहे. घरच्या मंडळींनीं हा नियम ध्यानांत धरावा. रात्रीं शेतावर गेलेल्या माणसास सकाळीं आठ वाजतां कामाला हांक मारूं नये. खोलींत अंधार करावा, मुलांना अंगणांत खेळावयास लावावें. दोन भाऊ असतील, तर त्यांनीं एक आड एक रात्र वाटून घ्यावी.

मुलांच्या झोंपेचा प्रश्न तर अधिक नाजूक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास, आणि त्यापुढील वयांत आठ ते दहा तास झोंप लागते. लवकर निजावें व लवकर उठावें ही शिकवण प्रत्येक शाळेंत दिली जाते. परंतु घरोघरीं तिचा उत्तरार्ध पाळला जातो व पूर्वार्ध विसरला जातो. रात्रीं अकरापर्यंत दूरचित्रवाणी व मोबाईल चालतात, आणि सकाळीं सहाला मुलाच्या अंगावरचें पांघरूण ओढलें जातें. असें मूल वर्गांत पेंगतें, चिडतें, केलेला पाठ विसरतें. मग त्यास मंद किंवा उनाड ठरवितात. या कारणानेंच महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा निर्णय काढला. तो स्वागतार्ह होय. मात्र शाळेनें दिलेला तास घरानें रात्रीं उधळला, तर त्याचा उपयोग नाहीं.

प्रत्येकाच्या हातीं असलेले उपाय साधे आहेत. निजण्याउठण्याची वेळ सुटीच्या दिवशींहि शक्य तों एकच ठेवावी. सकाळीं उन्हांत थोडें फिरावें. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. रात्रीचें जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधीं उरकावें. मोबाईल उशाशीं ठेवूं नये. जो मोठ्यानें घोरतो, घोरतां घोरतां ज्याचा श्वास अडखळतो आणि जो दिवसा पेंगतो, त्यास थट्टेचा विषय न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

परंतु सर्वच उपाय व्यक्तीच्या हातीं नसतात. ज्याच्या शेताला वीज मध्यरात्रीं मिळते, त्यास लवकर निजण्याचा उपदेश करणें व्यर्थ आहे. सूर्याच्या शक्तीवर वीज निर्माण करून ती शेतीला दिवसा द्यावी, या हेतूनें राज्यांत २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ सालीं तिचा विस्तार झाला. अशा योजनेचें मोजमाप केवळ मेगावॅटमध्यें होऊं नये. किती शेतकरी रात्रीं आपल्या घरीं, आपल्या अंथरुणावर निजूं लागले, हेंहि तिच्या यशाचें माप मानलें पाहिजे. निद्रा ही श्रमाची वैरीण नव्हे. ती त्याचें भांडवल आहे. जो समाज कष्टकऱ्याच्या घामाला मोल देतो, त्यानें त्याच्या झोंपेलाहि मोल दिलें पाहिजे.