नळी कशासाठी? कधी काढणार?



काही शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही. आमच्या घरात पेशाब म्हणतात, शेजारी लघवी म्हणतात. दोन्ही घरांतल्या बायका तो शब्द सारख्याच हळू आवाजात बोलतात. मी डॉक्टर नाही, शब्दांत वावरणारा माणूस आहे. पण हा संकोच दवाखान्यात महागात पडतो, म्हणून आज त्याविषयी बोलतो आहे.

गर्भपिशवी साफ करणे, दुर्बिणीतून तिची तपासणी करणे, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन, ही बायकांची लहान ऑपरेशने. बहुतेकदा बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते. मूत्राशय गर्भपिशवीच्या अगदी पुढ्यात असते. ते भरलेले असेल तर कामात अडथळा येतो. पोटातून दुर्बीण घालताना त्याला इजाही होऊ शकते. म्हणून ते रिकामे हवे. त्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे ऑपरेशनला नेण्यापूर्वी बाईने स्वतः लघवीला जाऊन येणे. तेवढ्याने भागले नाही, तर बारीक नळीने मूत्राशय रिकामे करून ती लगेच काढता येते.

तिसरा प्रकार आत ठेवायच्या नळीचा. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. तो आत गेल्यावर पाण्याने फुगवतात, म्हणजे नळी निसटत नाही. अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात ही रचना केली. म्हणून तिला फोलीज कॅथेटर म्हणतात. मोठ्या, लांबलेल्या ऑपरेशनात ती फार उपयोगाची असते. प्रश्न आहे तो गरज नसताना घातलेल्या किंवा घालून विसरलेल्या नळीचा.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा सुमारे २०. शिवाय त्याचे तोंड गुदद्वाराजवळ. तिथले जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचू शकतात. एरवी लघवीची धार त्यांना बाहेर लोटते. नळी असली की हे आपोआपचे धुणे थांबते. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावे तसा जंतूंचा बुळबुळीत थर नळीवर धरतो, आणि त्या थरात औषधाचेही फारसे चालत नाही. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के धरतात. जंतू सापडले म्हणजे आजार झालाच, असे नाही. पण जळजळ, वारंवार घाई, ओटीपोटात दुखणे, ताप, थंडी वाजणे किंवा कमरेच्या वर पाठीत दुखणे असे काही झाले, तर दुखणे अंगावर काढू नये. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००९ च्या सूचना साध्या आहेत. कारण असेल तरच नळी घालावी. ऑपरेशननंतर लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी. आणि शुश्रूषेच्या सोयीसाठी ती ठेवू नये. ही शेवटची सूचना आपण नीट ऐकायला हवी. संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असतो, सोबतीला कोणी नसते, बाईला उठवायचा कंटाळा असतो. मग ‘राहू दे आजची रात्र नळी’ असे होते. ही सोय कोणाची, आणि तिची किंमत कोण मोजते?

म्हणून दोनच प्रश्न विचारा: नळी कशासाठी? कधी काढणार? यात डॉक्टरांचा अपमान नाही. नळी असेपर्यंत लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. नळी स्वतः ओढू नका. आत फुगा आहे. काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर लगेच नर्सला सांगा. तुंबलेले मूत्राशयही वाईटच.

आणि पुरुष श्रोतेहो, ऑपरेशन करून घरी आलेल्या बाईला ‘दुखतंय का’ एवढेच विचारून थांबू नका. ‘लघवी नीट होते का, जळजळ नाही ना’ हेही विचारा. ती कदाचित लाजेल, पण उत्तर देईल.