आधी शिक्षकांचा वर्ग

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





मुक्या जनावरांशी माणुसकीने वागायला मुलांना कसे शिकवावे, यावर आम्हाला बोलायचे आहे. कोणी म्हणेल, माणसांचेच प्रश्न सुटले नाहीत, अन् हे ढोरांचे काय घेऊन बसले! हा प्रश्न खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, पण आपल्या माणसांना १९२७ साली त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मेलेली ढोरे ओढायला लावून वर आपल्यालाच हीन ठरवले गेले. म्हणून दयेच्या गोष्टी ऐकल्या की आपले मन सावध होते.

पण त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्याच साली सोपाऱ्याजवळ सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. खरे मंगल कोणते, ते त्या लेखात सांगितले आहे: दास-नोकरांशी चांगली वागणूक, गुरूंचा आदर आणि प्राण्यांविषयी संयम. म्हणजे माणूस आणि जनावर यांचा विचार वेगळा नाही.

आता आमचाच अनुभव सांगतो. दर रविवारी आम्ही विहारात मुलांचा वर्ग घेतो. पंचशील सर्वांचे तोंडपाठ. एकदा वर्ग सुटताच दोन पोरांनी पायरीवर बसलेल्या कुत्रीला दगड मारले. आम्ही त्यांना आत बोलावून छड्या दिल्या. त्यातला लहाना रडत रडत म्हणाला, "गुरुजी, कुत्रीले मारू नाही म्हनता, अन् तुमी त आमालेच मारता!"

आम्ही निरुत्तर झालो. मुलांना मारायला शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, मग हा तर विहार! आमच्यापैकी काही जण डी.एड. झालेले, पण या विषयावर एखादा तास झाल्याचे कोणालाच आठवेना. तेव्हा कळले की आधी वर्ग भरला पाहिजे तो शिकवणाऱ्यांचा.

तो आम्ही भरवला. छडी बंद केली. मग कायदा वाचला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जीवजंतू कल्याण मंडळावर लोकशिक्षणाचे काम सोपवले आहे. व्याख्याने, पुस्तके, भित्तिपत्रके, चित्रपट यांतून. १९७६ साली संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांतही प्राणिमात्रांविषयी करुणा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, आणि ३७ अंशांपेक्षा जास्त ऊन असेल तर दुपारी १२ ते ३ गाडीला जुंपायचे नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मग हा नियम किती बैलांच्या वाट्याला येतो?

पण ज्याचे पोट बैलावर आहे, त्याला कायद्याचा धाक दाखवून भागणार नाही. त्याच्या लेकराला बैलाच्या मानेवरची जखम पाहायला शिकवावी. आम्ही आता गणितात कामाचे तास मोजायला लावतो. उन्हाळ्यात मुले पाण्याची कुंडी भरतात. कुत्रे झोपले असेल, खात असेल किंवा पिलांजवळ असेल तर छेडायचे नाही, हे शिकवतो. चावलेच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची, हेही शिकवतो. भीती कमी झाली की हातातला दगड गळून पडतो.

शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात यासाठी एक दिवस असावा, अशी आमची मागणी आहे. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे: लेकरावर उगारलेला हात खाली घ्यावा. ज्याला मार मिळतो, तो आपल्यापेक्षा दुबळा शोधतो, आणि सर्वांत दुबळे जनावरच असते.

त्या लहान्याने आम्हाला शिकवले. त्याचे आम्ही ऋणी आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!