म्हातारपणीचा प्रवास आणि विम्याचा कागद

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली, ही गोष्ट आपण नगरकर बाहेरच्या पाहुण्याला हमखास सांगतो. प्रवासाशी आपलं नातं असं जुनं आहे. आणि प्रवासाच्या भीतीशीही. आमच्या मोहल्ल्यात हजला निघालेला म्हातारा माणूस महिनाभर आधी दुकानदारांची उधारी चुकती करायचा, भांडण झालेल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणायचा. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजं १९९५ साली बंद झाली. त्या जहाजांवर सामानात स्वतःच्या कफनाचं कापड घेऊन चढणारी माणसं असत. काशीला निघालेल्या हिंदू घरातही याहून वेगळं चित्र नसे. परत येऊ तेव्हा खरं, असं धरूनच माणूस उंबरा ओलांडायचा.

आता मात्र म्हातारा माणूस परत येण्यासाठी जातो. चारधामला जातो, उमराला जातो, लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जातो. जाताना कुणीतरी विचारतं, ‘विमा काढला का?’ म्हातारा म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ विमा काढणं म्हणजे मरणाला पत्ता देणं, असं मानणारी माणसं माझ्या नात्यात आहेत आणि तुमच्याही असतील. आमच्याकडे आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे तवक्कलचा, ईश्वरावर भरवसा ठेवण्याचा. पण उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे विमा घ्यावा की नाही यावर मी फार वेळ घालवणार नाही. कोणता विमा कशासाठी असतो, इथेच खरी गफलत होते.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. तरीही गल्लीतले लोक बारीक अक्षरातले कागद माझ्याकडे वाचायला आणतात. अशा कागदांतून मला जे कळलं ते सांगतो. स्वस्तातला प्रवास विमा बहुतेक वेळा अपघाताचा असतो, आणि वय झालेल्या माणसाला प्रवासात जास्त धोका असतो तो आजाराचा.

रेल्वेचंच बघा. इंटरनेटवर आरक्षण करताना एक चौकट येते, विमा हवा का म्हणून. २०१६ साली ही सोय सुरू झाली तेव्हा माणशी ९२ पैसे घेत, पुढे दर उतरून ४५ पैशांवर आला. एवढ्या पैशांत चिमूटभर मीठ येत नाही. त्यात अपघाती मृत्यूला १० लाख, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाख आणि इस्पितळाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत, असं संरक्षण आहे. जरूर घ्यावा. तिकीट काढल्यावर मोबाइलवर विमा कंपनीचा संदेश येतो, त्यात वारसाचं नाव भरायचं असतं. ते भरायचा कंटाळा करू नका. खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला मात्र हा विमा मिळत नाही, आणि आपले ज्येष्ठ नागरिक अजूनही मोठ्या संख्येने खिडकीवरच उभे असतात. दुसरं असं की, दौंड ओलांडल्यावर एखाद्या आजोबांच्या छातीत कळ आली, तर या ४५ पैशांचा काही उपयोग नाही. गाडीला अपघात झालेला नसतो, आजोबांना झालेला असतो.

एस.टी.तही तेच. १ एप्रिल २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया घेऊन महामंडळाने अपघात सहाय्यता निधी उभा केला, त्यातून अपघाती मृत्यूला १० लाखांपर्यंत मदत मिळू लागली. चांगलीच योजना. पण तीही अपघाताचीच.

या बाबतीत मला वारकऱ्यांसाठीची योजना जास्त शहाणपणाची वाटली. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगरातून जाते. तिच्यातली पिकली डोकी मोजायला गेलं तर मोजणाराच थकेल. २०२३ साली राज्य सरकारने वारीच्या ३० दिवसांसाठी वारकऱ्यांचं विमा छत्र जाहीर केलं. त्यात मृत्यूला ५ लाख, कायमच्या अपंगत्वाला १ लाख, अंशतः अपंगत्वाला ५० हजार, आणि वारीत आजारी पडल्यास औषधोपचाराला ३५ हजारांपर्यंत रक्कम ठेवली होती. शेवटचं कलम छोटं दिसतं, पण उन्हात चालणाऱ्या सत्तरीच्या माणसाला पहिल्यांदा तेच लागतं.

देशातल्या देशात फिरणाऱ्या ज्येष्ठांनी वेगळा प्रवास विमा घेण्याआधी घरातले कागद काढून बघावेत. तुमचा साधा मेडिक्लेम बहुतेक करून भारतभर चालतो. वाराणसीला घाटाच्या पायरीवरून पाय घसरला, तर तिथल्या इस्पितळातही तो लागू होतो. मेडिक्लेम नसेल आणि वय ७० पूर्ण असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार या योजनेत मिळू लागले. कार्ड आधारवर निघतं आणि दुसऱ्या राज्यातल्या, योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातही चालतं. इस्पितळात दाखल व्हावं लागतं, नुसत्या तपासणीला आणि गोळ्यांना ते नाही. ज्या गावी जायचं तिथलं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे नातवाकडून आधीच बघून कागदावर लिहून घ्या. एवढं केलं की देशातल्या प्रवासासाठी वेगळ्या विम्यात उरतं काय? तिकीट रद्द झालं, सामान हरवलं, असल्या गोष्टी. ज्याची त्याने ऐपत बघावी. मी तरी त्यासाठी पैसे मोजणार नाही.

परदेशाचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा. तिथे आपला मेडिक्लेम सहसा चालत नाही आणि वय वंदना कार्ड तर चालतच नाही. युरोपातल्या शेंगेन देशांनी २००४ पासून नियमच केला, की किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण असल्याशिवाय अल्प मुदतीचा व्हिसा नाही. अमेरिका असं बंधन आपल्या पर्यटकावर घालत नाही. म्हणून लोकांना वाटतं, तिथे विम्यावाचून चालतं. तातडीच्या रुग्णाला तिथलं इस्पितळ दारातून परत पाठवत नाही, हे खरं. पण बिल मागाहून येतं, आणि ते मुलाच्या घरी येतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आहेत. वय ७१, रक्तदाब आहे, साखर आहे, पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघाले होते. विम्याचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. एजंटाने त्यांना सुचवलं होतं, ‘आजाराच्या रकान्यात नाही लिहा. हप्ता कमी बसेल आणि तपासण्याही टळतील.’ मास्तरांना पैसे वाचवायचे होतेच, पण त्याहून मोठी अडचण दुसरी होती. मुलाच्या सासरकडच्यांना स्टेंटचं ठाऊक नव्हतं. आपल्या माणसांना म्हातारपणी दुखण्याची लाज वाटते हो. चहात साखर नको म्हणायचीही लाज वाटते, पाहुण्यांकडे गुपचूप गोड चहा पितात आणि घरी येऊन गोळी घेतात.

मी मास्तरांना म्हटलं, ‘सर, समजा तिकडे रात्री दोन वाजता छातीत दुखलं. डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारील?’

‘आधी काही त्रास होता का, म्हणून विचारील.’

‘मग तुम्ही काय सांगाल?’

मास्तर गप्प बसले. सांगणारच ना! जीव वाचवायचा तर स्टेंट आहे हे सांगावंच लागेल. ते डॉक्टरच्या कागदावर येईल आणि विमा कंपनी तोच कागद मागवील. म्हणजे फॉर्मवरचं खोटं टिकतं ते फक्त पहिला डॉक्टर भेटेपर्यंत. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात हेच घडलं. आईची साखर लपवली होती, परदेशात पायाची जखम चिघळली, दावा नाकारला गेला आणि जावयाने इस्पितळाचं बिल हप्त्याहप्त्याने फेडलं. म्हातारी त्यानंतर लेकीकडे गेली नाही. जावई चांगला आहे, एका शब्दाने बोलला नाही. पण तिला तोंड दाखवायला नको वाटलं.

मास्तरांनी शेवटी सगळं लिहिलं. एका कंपनीने नकार दिला. दुसरीने विमा दिला, पण अट घातली. आधीच्या आजारामुळे जिवावर बेतलं तरच, आणि तेही ठराविक रकमेपर्यंतच खर्च मिळेल. हप्ता मास्तरांच्या एका महिन्याच्या पेन्शनहून जास्त झाला. ‘एवढे पैसे देऊन अर्धंच छत्र?’ असं ते म्हणाले, आणि त्यांचा वैताग रास्त होता. साठीनंतर हप्ता चढतो आणि संरक्षण आक्रसतं. कित्येक पॉलिसींत मोठी रक्कम ठळक छापलेली असते. आत बघावं तर ज्येष्ठांसाठी खोलीचं भाडं, शस्त्रक्रिया, डॉक्टरची फी या प्रत्येकाला वेगळी मर्यादा घातलेली असते. एक लाख डॉलरचा विमा म्हणून घ्यायचा आणि शस्त्रक्रियेला त्यातले थोडेसेच मिळायचे. म्हणून एकूण रकमेला भुलू नका. या मर्यादांचं कोष्टक मागा, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीचे किती डॉलर स्वतःच्या खिशातून घालायचे आहेत तेही विचारा. वर्षानुवर्षं दोन ओळींच्या मधलं वाचत आलो आहे, पण पॉलिसीत त्या मधल्या जागेत काही नसतं. तिथे अपवादांचं पान वाचावं लागतं.

मास्तर गेले, सहा महिने राहिले, धडधाकट परत आले. पैसे वाया गेले म्हणतात. म्हणोत बापडे.

आता हज-उमराविषयी थोडं, कारण आपल्या जिल्ह्यातून जाणारे बरेच जण उतारवयातच जातात. हजच्या काळात सौदी सरकारी रुग्णालयांत यात्रेकरूंवर मोफत उपचार होतात, आणि मक्का-मदिनेत भारतीय वैद्यकीय पथकाचे दवाखाने असतात. उमराच्या व्हिसातच तिथल्या विम्याची रक्कम धरलेली असते. त्यामुळे टूरवाला त्याच गोष्टीसाठी पुन्हा पैसे मागत असेल, तर कशाचे ते विचारा. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च हा परदेशी विम्यातला एक मोठा लाभ म्हणून सांगतात. हजला त्याचा उपयोग नाही, कारण तिथे निधन पावलेल्या यात्रेकरूचं दफन तिथेच होतं, आणि पुष्कळांना ते भाग्य वाटतं. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला आणि १,३०० वर माणसं दगावली. त्यांतल्या बहुसंख्यांकडे हजचा अधिकृत परवाना नव्हता, असं सौदी सरकारने सांगितलं. परवाना नाही म्हणजे गार तंबू नाही, बस नाही. स्वस्तात नेतो म्हणून भलत्या व्हिसावर नेणाऱ्याच्या नादी म्हाताऱ्या आईबापाला लावू नका. त्यावर कुठल्याही कंपनीची पॉलिसी उतारा ठरत नाही.

दावा नाकारला गेला तर हात जोडून बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. त्यासाठी डिस्चार्जचा कागद, बिलं आणि विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवा. आपल्या लोकांना देवदर्शनाची अंगठी जपायची सवय असते, बोर्डिंग पास मात्र विमानतळावरच टाकून देतात.

श्रीरामपूरच्या आमच्या एक खाला गेल्या वर्षी उमराला निघाल्या. मी त्यांचे कागद वाचून दाखवत होतो. विमा कशाकशाला आहे ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बेटा, यात माझे गुडघे धरलेत का?’

मी म्हटलं, ‘नाही खाला, जुनं दुखणं आहे ते.’

‘मग व्हीलचेअरचे रियाल वेगळे बांधते,’ त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.