सरहद्दीची खरी आणेवारी
(जळगाव-धुळे जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे, दादरीच्या पेरणीवर बोलायचे, आणि मध्येच हे लष्करातल्या माणसाचे काय काढले, असे काहींना वाटेल. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे गाव दाखवा, की जिथे फौजेतून पेन्शनवर आलेला एकही माणूस नाही. चार एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ. एक कपाशीत राबतो, एक सुरतेला जातो, एक भरतीला उभा राहतो. घर चालते ते बरेचदा त्या तिसऱ्याच्या मनीऑर्डरीवर. तेव्हा फौजेची गोष्ट ही आपल्या घरचीच गोष्ट आहे.

आम्ही सांगणार आहोत ते लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याबद्दल. पूर्ण नाव शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे, जन्म १९०६ चा. १९२६ साली इंग्लंडच्या सँडहर्स्ट या लष्करी शाळेतून अधिकारी होऊन बाहेर पडले. त्या काळी हिंदी माणसाला तिथे प्रवेश मिळणे म्हणजे बोटावर मोजण्याइतक्यांचे भाग्य. तिथून पंजाब रेजिमेंट, वायव्य सरहद्द, आणि मग दुसरे महायुद्ध.

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे पंचवीस लाख माणसे फौजेत गेली. बहुतेक सगळी खेड्यातली, शेतकऱ्याची. कोणासाठी लढलो, हा प्रश्न त्यातल्या पुष्कळांनी मागून स्वतःला विचारला असेल. इकडे १९४२ ची चळवळ पेटलेली, नंदुरबारला शिरीषकुमारसारखी कोवळी पोरे गोळ्या खात होती आणि तिकडे त्यांच्याच वयाची पोरे ब्रह्मदेशात जपान्यांशी झुंजत होती. आम्ही यातल्या कोणालाही उणे लेखत नाही. पोटासाठी वर्दी चढवणाऱ्याला देशद्रोही म्हणणे शहरातल्या माणसाला सोपे जाते.

जानेवारी १९४५ च्या अखेरीस ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ इथे मोठी लढाई झाली. जपानी फौजेची माघारीची वाट तोडायची होती. तिथे ५१ व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी अशा होत्या की तिन्हींचे प्रमुख हिंदी होते. एक थिमय्या, एक एल. पी. सेन आणि एक आपले थोरात. गोरे साहेब तोवर म्हणत, की हिंदी शिपाई चांगला, पण त्याच्या डोक्यावर गोरा अधिकारी पाहिजे. या तिघांनी टेकड्या घेऊन दाखवल्या. तिघांनाही डी. एस. ओ. हे पदक मिळाले. ही तीन नावे ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहेत.

स्वातंत्र्यानंतर थोरात दिल्लीत लष्कराच्या मुख्यालयात मोठ्या जागेवर गेले. त्याबद्दल फार सांगत नाही. सांगण्यासारखी गोष्ट कोरियाची. १९५० ते ५३ कोरियात युद्ध झाले. तह झाला तेव्हा एक विचित्र पेच पडला. पकडलेल्या चिनी आणि उत्तर कोरियाच्या सैनिकांपैकी बावीस हजारांवर माणसे म्हणू लागली, आम्हाला परत मायदेशी जायचे नाही. दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल असा राखणदार हवा होता. तो भारत ठरला. देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. सुमारे सहा हजार जवान घेऊन ते गेले. दक्षिण कोरियाचा अध्यक्ष इतका बिथरलेला, की भारतीय जवानांनी आपल्या भूमीवर पायसुद्धा ठेवू नये, अशी त्याची अट. शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने उचलून छावणीत नेऊन उतरवावे लागले.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी ग्रेवाल नावाच्या एका भारतीय मेजरला तारेच्या आत ओढून धरून ठेवले. बाहेर आपले जवान बंदुका रोखून उभे. एक गोळी सुटली असती तर शेकडो मुडदे पडले असते आणि जगभर भारताची छीथू झाली असती. थोरात तिथे पोचले आणि हत्यार न घेता आत गेले. त्या खवळलेल्या जमावाशी पाहुण्यासारखे बोलले, पुढाऱ्यांशी बसून बोलले, राग उतरू दिला आणि आपल्या मेजरला घेऊन बाहेर आले. या कामाबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा मिळाले. मोर्चा दिसला की लाठी उगारणाऱ्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट प्रशिक्षणात शिकवत असतील की नाही, कोण जाणे. आपल्या रस्ता रोकोचे अनुभव पाहता, शिकवत नसावेत.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय लखनौला. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्या ताब्यात. १९५९ मध्ये तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, सरहद्दीवर चकमकी सुरू झाल्या. दिल्लीत मात्र 'हिंदी-चिनी भाई भाई'ची धुंदी पुरती उतरलेली नव्हती. थोरातांनी स्वतः सरहद्दीचा अभ्यास करून ऑक्टोबर १९५९ मध्ये एक टिपण तयार केले. त्याचा मथितार्थ असा : चीन नेफातून चाल करू शकतो. आपल्याजवळ आज आहे त्या फौजेत आणि आहे त्या रस्त्यांवर तो थोपणार नाही. अगदी सीमेवर पुढे पुढे चौक्या मांडून उपयोग नाही, कारण तिथे दाणागोटा पोचवता येत नाही. त्या चौक्या फक्त इशारा देण्यापुरत्या ठेवा आणि खरी फळी मागे बोमडिलाच्या रेषेत धरा, जिथे आपली रसद पोचेल आणि शत्रूची लांबेल. त्यासाठी इतकी फौज द्या, इतके रस्ते करा.

शेतकऱ्याला हे कळायला लष्करी शाळेत जावे लागत नाही. बैलगाडी जिथवर जाते तिथवरच खळे करावे, हे आपण बापजाद्यांपासून जाणतो.

लष्करप्रमुख तेव्हा थिमय्या, कांगॉचेच. त्यांनी हे टिपण मान्य करून वर पाठवले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते बाजूला सारले. हा सेनापती भीती पसरवतो, असा त्यांचा शेरा. थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला 'लाल किला' नावाचा मोठा कागदी सराव घेतला आणि मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांसमोर हल्ला कसा येईल आणि कोणती जागा किती दिवस टिकेल, हे मांडून दाखवले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यावर काय झाले? पुढे पुढे चौक्या मांडायचेच धोरण घेतले गेले. जे करू नका म्हटले, ते केले.

भावांनो, आपण पैसेवारीचा कागद पाहतो. जुनी माणसे त्याला अजून आणेवारीच म्हणतात. शिवारात बोंडे गळून पडलेली, कणसात दाणा नाही, आणि कागदावर येते पंचावन्न पैसे. का? तर पन्नासच्या आत लिहिले की वरून विचारणा होते, वसुलीला सूट द्यावी लागते. म्हणून वरच्याला आवडेल तो आकडा खालचा लिहितो. थोरातांनी सरहद्दीची खरी आणेवारी लिहिली. एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि हे फुकट झाले नाही. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांना घ्यावे, असे त्यांचे मत होते. सरकारने थापर यांना लष्करप्रमुख केले. थापर सेवेत वरचे होते, हेही खरे. त्यामुळे केवळ सूड म्हणून डावलले, असे आम्ही म्हणणार नाही. पण नकोसे बोलणारा नको, हे दिल्लीला हवे होते, यात आम्हाला शंका नाही. पस्तीस वर्षांची नोकरी संपवून थोरात त्याच महिन्यात कोल्हापूरच्या वाटेला लागले.

संसार असलेल्या माणसाला वरिष्ठाशी वाकडे घेताना दहा वेळा विचार करावा लागतो. बढती जाते, बदली होते, पेन्शनीत फरक पडतो, घरातली माणसे विचारतात की तुम्हालाच काय पडले आहे. थोरातांसमोर तर देशाच्या लष्करप्रमुखाची खुर्ची होती. दोन वर्षे गोड बोलायचे, एवढेच करायचे होते.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. नामका चू नदीकाठी आपली सातवी ब्रिगेड उभी होती, ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या हाताखाली. जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, जवळ काडतुसे मोजकी. आपण पिकवलेल्या कापसाचे कपडे हिमालयाच्या थंडीत पोरांच्या अंगावर होते आणि लोकर दिल्लीच्या फाइलीत अडकली होती. ब्रिगेड एका दिवसात मोडली, दळवी कैद झाले. तवांग पाच दिवसांत गेले. नोव्हेंबरच्या १९ तारखेपर्यंत बोमडिलाही गेले. आणि पूर्व विभागाचे सेनापती त्या वेळी कोण? एल. पी. सेन. कांगॉच्या त्या तिघांतले तिसरे. माणूस शूरच होता. पण बी पेरायच्या आधीच शेत हातचे गेलेले होते, तिथे नांगरधारी काय करणार?

सरकारी आकड्यांप्रमाणे त्या महिन्याभरात १,३८३ जवान कामी आले, सुमारे सतराशे बेपत्ता झाले, चार हजारांच्या आसपास कैद झाले. बेपत्ता म्हणजे काय, ते ज्या घरात घडते त्यालाच कळते. बाईने कुंकू पुसायचे की ठेवायचे, हे कोणी सांगत नाही.

कृष्ण मेनन यांना ७ नोव्हेंबरला पद सोडावे लागले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे तेव्हापासून आपण ऐकतो. त्याच धामधुमीत पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. थोरातांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लिहिला आहे. नेहरूंनी विचारले, की हे टिपण मला का दाखवले नाही? ते मेननना विचारा, असे थोरातांनी सांगितले. देशाच्या पंतप्रधानाला आपल्याच सेनापतीचा कागद तीन वर्षांनी, लढाई हरताना कळतो.

आम्हाला थोरातांचे टिपण म्हणजे वेदवाक्य करायचे नाही. त्यांची योजना स्वीकारायची, तर सीमेलगतचा काही मुलूख सुरुवातीला शत्रूच्या हाती जाऊ द्यावा लागला असता, आणि लोकसभेत ते सांगायची कोणत्या मंत्र्याची छाती झाली असती? पण मग तसे सांगायचे, की योजना वाचली, पटली नाही, या कारणाने नाकारतो. न वाचता भित्रा ठरवणे, हे वेगळे.

आपल्या बाबतीत हेच चालत आलेले आहे. सरकार १९८६ ते ८८ च्या पायावर जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत शेतमालाचे आकडे देते. त्या कागदात मालनिहाय मदत उणे निघते, म्हणजे शेतकऱ्याला दिले काहीच नाही, उलट त्याच्याकडून काढून घेतले. आणि तेच सरकार आपल्या सभेत येऊन सांगते, की शेतकरी सबसिडीवर जगतो. कागद खरा, भाषण खोटे. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी 'जय जवान, जय किसान' म्हटले, ते त्यांनी मनापासून म्हटले. त्यांच्या मागून आलेल्यांनी जवानाला सुती कपडे आणि किसानाला उशिराचे चुकारे, एवढ्यावर ती घोषणा भागवली.

थोरात निवृत्तीनंतर घरी बसून राहिले नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. हा आयोग म्हणजे राज्य स्थापन झाले त्या १९६० सालापासून सरकारी अधिकारी निवडणारे दार. आज आपली पोरे धुळ्याच्या, जळगावच्या अभ्यासिकांत त्याच दारासाठी वर्षानुवर्षे बसतात, बाप कापूस विकून खोलीभाडे पाठवतो. त्या दारावर एके काळी असा माणूस बसलेला होता, की ज्याने खरे लिहिण्यापायी सर्वांत मोठी खुर्ची गमावली. १९८६ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' निघाले. पहाटेच्या बिगुलापासून संध्याकाळच्या बिगुलापर्यंत, असा त्याचा अर्थ. १९९२ साली ते वारले.

आता कामाचे. ग्राम पैसेवारी समितीत सरपंच असतो, शेतकरी सदस्य असतो. पीक कापणीचा प्रयोग होतो त्या दिवशी किती जण शेतात हजर असता, हात वर करा. आम्हाला दिसताहेत ते हात मोजकेच आहेत. तेव्हा यंदा हे ठरवू : प्रत्येक गावातून दोघांनी, जमले तर एक माजी सैनिक आणि एक बाई, कापणीच्या वेळी उभे राहायचे. कोणत्या गटात, कोणत्या पिकाचे किती वजन भरले, ते वहीत लिहायचे, तारीख घालायची, हजर असणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम, तिन्ही वेळचे सरकारी आकडे त्याच पानावर शेजारी उतरवायचे. फरक दिसला तर मुदतीच्या आत तहसीलदाराकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. तलाठ्याशी भांडू नका, त्यालाही पोरेबाळे आहेत. खरा आकडा लिहायला तयार असेल तर त्याच्या मागे उभे राहा. वह्या पुढच्या बैठकीला बरोबर आणा. शिंदखेडा, अमळनेर आणि पारोळा या तीन तालुक्यांच्या वह्या आधी पाहू.