सूत्रधार बदलला तर?

नवीन जालन्यांत काय किंवा कुंडलिकेपलीकडच्या जुन्या जालन्यांत काय, एखाद्या आवडत्या कार्यक्रमांत नवा सूत्रधार दिसला कीं घरोघरीं एकच उद्गार निघतो : ‘आतां यांत पूर्वीची गोडी नाहीं.’ हा निकाल बहुधा पहिल्या पांच मिनिटांतच लागतो. तो न्याय्य आहे काय, याचा थोडा विचार करूं.

हा प्रश्न दूरचित्रवाणीनें प्रथम उपस्थित केला असें नाहीं. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर वारले, तेव्हां किर्लोस्कर नाटक मंडळीचा कंठच हरपला. पण १९०५ सालीं बालगंधर्व तिच्या रंगभूमीवर आले आणि मंडळीस नवें वैभव लाभलें. पुढें १९१३ सालीं तेच बालगंधर्व तिच्यांतून बाहेर पडले, आणि त्यांची गंधर्व नाटक मंडळी मूळ मंडळीहून वरचढ ठरली. एकाच संस्थेचे हे दोन अनुभव!

आजचें उदाहरण घ्या. ‘कौन बनेगा करोडपती’चें २००७ सालचें पर्व शाहरुख खान यांनीं चालविलें, २०१० सालीं अमिताभ बच्चन त्या खुर्चीवर परतले. मराठी आवृत्ति मात्र २०१३ सालीं सचिन खेडेकर, २०१६ सालीं स्वप्नील जोशी, २०१९ सालीं नागराज मंजुळे अशी हात बदलीत गेली, २०२१ सालीं पुन्हां खेडेकरांकडे आली, आणि तरीहि चालली. कारण तिचा कणा म्हणजे प्रश्न, वाढती रक्कम आणि समोर बसलेला सामान्य माणूस. मंजुळे यांनीं कोणाची ऐट उसनी घेतली नाहीं. ते आपल्याच साध्या बोलीनें बोलले.

‘चला हवा येऊ द्या’ची गोष्ट निराळी. २०१४ पासून निलेश साबळे हे त्याचे सूत्रधार होते, तसेच लेखक व दिग्दर्शकहि होते. २०२५ सालीं तो अभिजीत खांडकेकर यांच्या सूत्रसंचालनाखालीं पुन्हां सुरू झाला. येथें चेहऱ्यापेक्षां लेखणीचा प्रश्न मोठा आहे.

तेव्हां जाणाऱ्या माणसाबरोबर काय जातें, हें पाहावें. केवळ आवाज जात असेल, तर कान लवकरच नव्याला सरावतात. दृष्टि आणि लेखणी जात असेल, तर चालकांनीं जुन्या नांवाच्या पुण्याईवर विसंबून राहूं नये. आणि आपण प्रेक्षकांनीं नवागताकडून जुन्याची नक्कल मागूं नये. नक्कल साधली तरी ती नक्कलच. आणि फसली तर त्या बिचाऱ्याचें नांवहि जातें व कार्यक्रमहि जातो. पांच मिनिटांचा तो निकाल निदान महिनाभर तहकूब ठेवावा, इतकीच विनंति.