बिल कुणाच्या नावावर आहे?

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आलेल्या सौर व्यावसायिक बंधू-भगिनींनो,

या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात. स्वागताध्यक्षांनी माझं जे कौतुक केलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते विचारू नका. नांदेडात, हुजूर साहिबच्या गावात, पाहुणा उपाशी राहत नाही, तेव्हा जेवणाची काळजी सोडा. मी लगेच कामाचं बोलतो.

अध्यक्षानं आढावा घ्यायचा असतो, तो घेतो. 2010 साली राष्ट्रीय सौर मिशन आलं. 2019 मध्ये घरगुती छतासाठी तीन किलोवॅटपर्यंत 40 टक्के अनुदान ठरलं. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: 75,021 कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं उद्दिष्ट, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. त्याच महिन्यात वीज ग्राहक हक्कांच्या नियमांतही दुरुस्ती झाली. 10 किलोवॅटपर्यंत व्यवहार्यतेचा अहवाल नको आणि भारवाढ लागली तर ती वीज कंपनीनंच करून द्यायची. सप्टेंबर 2025 पासून पॅनेलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. आपल्या राज्यानं वर ‘स्मार्ट’ योजनेची जोड दिली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एका किलोवॅटसाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 17,500. सुमारे 50,000 च्या संचाला ग्राहकाच्या खिशातून उरतात अडीच हजार.

इतका सढळ हात मी या धंद्यात आल्यापासून पाहिला नव्हता. सरकारचं अभिनंदन. आढावा संपला.

आता जे बोलायला मी कैक वर्षं थांबलो ते बोलतो. यापूर्वीच्या अधिवेशनांत मी ते चर्चेत घुसवायला बघायचो आणि सूत्रसंचालक चिठ्ठी पाठवायचे. आज माइक माझ्याकडे आहे.

कंधार तालुक्यात एका बाईंकडे गेलो होतो. शेतमजुरी करतात, नवरा नाही. दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीवर स्लॅब, दक्षिणेला एक झाड नाही की भिंत नाही. एक किलोवॅटला असं छप्पर मिळायला नशीब लागतं. महिन्याचा वापर पन्नास-साठ युनिट, थकबाकी शून्य. मी म्हटलं, ‘मावशी, बिल दाखवा.’ त्यांनी पत्र्याची पेटी उघडली, रेशनकार्डाच्या पिशवीतून बिलं काढली. घडीवर घडी घालून ठेवलेली, एक चुकलेलं नाही. सगळी बिलं सासऱ्यांच्या नावावर. सासरे किल्लारीच्या भूकंपाच्या आधीच वारलेले.

आता योजनेच्या पोर्टलला ग्राहक क्रमांक लागतो. अनुदान जातं ग्राहकाच्या बँक खात्यात. मेलेल्या माणसाला आधार नाही, खातं नाही. म्हणून आधी मीटरचं नाव बदला. त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा. ग्रामपंचायतीत नोंदच नाही. इतक्या जुन्या मृत्यूची नोंद करायची तर महसूल कार्यालयातून आदेश आणा. घराचा नमुना आठही सासऱ्यांच्याच नावावर. तिथं वारस लावायचे तर वारस किती? एक दीर पुण्यात, एक जाऊ, तीही विधवा, आणि एक नणंद बोधनला, म्हणजे पार तेलंगणात. सगळ्यांचं संमतिपत्र हवं. शंभरचा बाँड आता बंद झालाय, पाचशेचाच घ्यावा लागतो. त्यावर लिहिणाराचे पैसे, शिवाय रोज बुडवून तालुक्याला हेलपाटे. आणि दीर फोनवर काय म्हणाला, तेही ऐका: ‘आज पॅनेलला सही मागतीस, उद्या घराला मागशील. आधी वाटणी होऊ दे.’

अडीच हजारांच्या संचासाठी त्यापेक्षा जास्तीचे कागद! बाई हिशेबाला पक्क्या. म्हणाल्या, ‘राहू द्या साहेब, दिवा तर लागतोय.’ मी कोटेशन फाडलं आणि गाडीला किक मारली.

मित्रहो, हे एका बाईचं गाऱ्हाणं नाही. आपल्या नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत वीज आली तेव्हा जो कर्ता पुरुष होता त्याच्या नावावर मीटर लागलं आणि तिथंच राहिलं. बिल भरलं की वीज चालू राहते, मग नाव कोण बदलतंय? भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास पक्की घरं वाटली ती तेव्हाच्या पिढीच्या नावे. आता त्याच घरात तिसरी पिढी. नांदेडच्या सिडकोत मूळ धारकानं घर विकलं, घेणारानंही पुढं विकलं, आणि बिल अजून पहिल्याच्या नावानं येतंय, अशी घरं मी स्वतः पाहिलीत. गुंठेवारीत घर आहे, मीटर आहे, पण कागद आहे तो नोटरीचा. नांदेडच्याच वजिराबादेतल्या अपार्टमेंटमध्ये जा, ‘गच्ची कुणाची?’ एवढं विचारा आणि बाजूला उभे राहा. बिल्डर म्हणतो माझी, वरच्या मजल्यावरचा म्हणतो माझी, आणि सोसायटीच्या नावावर अभिहस्तांतरण झालेलंच नसतं. योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागं 18,000 रुपये आहेत. ते घेणार कोण?

आणि भाडेकरू? लातूरला शिकवणीच्या गल्ल्यांत पोरं खोली घेऊन राहतात, युनिटमागं घरमालक सांगेल तो दर देतात. वीज वापरणार ते, छप्पर मालकाचं, अनुदानात त्यांचा पत्ताच नाही. जर्मनीत 800 वॅटपर्यंतचा छोटा संच भाडेकरू गॅलरीच्या कठड्याला टांगतो, पिन सॉकेटात घालतो आणि मोकळा होतो. 2024 मध्ये तिथं कायद्यानं ते आणखी सोपं केलं. गच्ची नसलेल्यांना दुसऱ्या जागेवरच्या वीजनिर्मितीतला वाटा बिलात वळता करून देण्याची सोय दिल्ली राज्यात 2019 मध्येच नियमात आली. जमतं. ज्याला करायचंय त्याला जमतं.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. हे अनुदान छपराला मिळत नाही, उन्हाला मिळत नाही, गरजेला तर नाहीच. ते कागदाला मिळतं. ज्याचे कागद नीट त्याला 78,000, आणि ज्याला अडीच हजारांत वीज मिळायची तो दारातच अडतो.

काही सहकारी सकाळच्या सत्रात म्हणाले, खरा प्रश्न देशी पॅनेलचा आहे. अनुदान हवं तर सेलसुद्धा भारतातलाच हवा, तो महाग पडतो, म्हणून धंदा अडतो. मी इतकी वर्षं गच्च्यांवर चढतोय, पॅनेल कुठल्या देशाचं हे मला एकाही गिऱ्हाइकानं आपणहून विचारलेलं नाही. अनुदान कधी जमा होणार आणि बिल किती येणार, हे दोनच प्रश्न. त्या वादावर आणखी वेळ घालवू नये.

दुसरे म्हणतात, जादा युनिटं बिलातून वजा करणारं नेट मीटरिंग गेलं तर आपण संपलो. ही भीती मात्र खोटी नाही. 2025 च्या सुरुवातीला वीज कंपनीच्या दरप्रस्तावात दिवसाची युनिटं दिवसाच्याच वापरातून वजा करायची कल्पना आली, तेव्हा लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला रात्री अकराला उठवलं. ‘अहो, सूर्य दिवसा, माझा एसी रात्री. तुमच्या दुपारच्या युनिटांचं मी काय लोणचं घालू?’ प्रश्न बिनतोड होता. त्यासाठी वीजदरांच्या सुनावणीत आपण भांडलं पाहिजे, भांडूच. पण त्या गुरुजींकडे भांडायला युनिटं तरी आहेत. कंधारच्या बाईंकडं काय आहे?

एक गोष्ट कडू लागेल. आपण सगळे पगारदार मास्तर आणि डॉक्टर यांच्याच गच्च्यांवर फिरतोय. नाव जुळतं, कर्ज बसतं, तीन किलोवॅटचं काम दोन दिवसांत संपतं, फोटो पोर्टलवर चढतो. एक किलोवॅटच्या गिऱ्हाइकात सुटतं काय, असं मला परवाच एका तरुण मित्रानं विचारलं. फार सुटत नाही, खरंय. पण पहिला हप्ता घेऊन अर्ज पुढं ढकलायचा आणि नाव जुळेना म्हटलं की ‘पोर्टलच चालत नाही’ असं सांगायचं, हेही आपल्यातलेच करतात. मी नावं घेत नाही, ज्यांची आहेत त्यांनी खाली बघितलंच आहे.

कार्यालयांबद्दल एवढंच सांगतो. एका ठिकाणी नावबदलाची फाइल घेऊन गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी मयताचीच सही मागितली. मी म्हटलं, आणतो, पण मला परत यायला उशीर होईल. फाइल त्यांनी ठेवून घेतली. ती अजून त्यांच्याकडेच असेल.

काय करायला हवं? सरकारला निवेदन द्यायचं, ते सचिव लिहितील. मागणी साधी असावी: जो त्या घरात राहतो, बिल भरतो आणि शेजारचे दोघं ज्याला ओळखतात, त्याच्या स्वयंघोषणेवर एक किलोवॅटपुरतं अनुदान द्यावं. मालकीचा प्रश्न खुला राहील, वाटणी कोर्टात होवो. पॅनेल चार बोल्टांवर उभं असतं. उद्या घर दिराकडं गेलं तर ते काढून नेता येतं. यानं कुणाचा वारसा बुडत नाही. कायद्याच्या भाषेत हे कसं बसवायचं ते वकील मंडळी पाहतील. आपल्यात दोघे-तिघे आहेत, त्यांच्याशी बोलणं झालेलं नाही, होईल.

आणि आपण नावबदलाची शिबिरं घ्यायची. तलाठी, ग्रामसेवक, वीज कंपनीचा माणूस आणि आपण, एका मांडवाखाली. प्रत्येक तालुक्याला एक म्हणतो मी, पण किनवट-माहूरला प्रत्येकी दोन लागतील, तिथं अंतरंच तशी आहेत. खर्चाचं अजून ठरलेलं नाही. पाच जणांची समिती करू. नावं दुपारी सुचवा, फक्त मागच्या समितीतली नकोत. पहिलं शिबिर लोह्याला घ्यावं असा इथल्या मंडळींचा आग्रह आहे, स्टेज आणि पाणी तिथं फुकट मिळतं म्हणून. मी कंधारवर अडून बसणार आहे.

पुढचं सत्र बॅटरीवर आहे आणि वक्ते केव्हाचे घड्याळ बघताहेत. थांबतो.