पोट की बोट?

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दख्खनी, पुढे महाविद्यालयात इंग्रजी, अशी वाट काढत आपण वाढलो. समोरच्याची भाषा आपल्याला येत नसली म्हणून तो अजाण ठरत नाही, हे आपल्याला या शाळेत न शिकवताच उमगले. डॉक्टर झाल्यावर मात्र मी तो धडा विसरले. त्याची कबुली आज गुरुजनांसमोर द्यावी, असे मनात आहे.

उमेदवारीच्या काळात एक कर्णबधिर स्त्री तपासणीसाठी आली. सोबत तिची दहा वर्षांची मुलगी होती. तिला ऐकू येत होते. गाठ कर्करोगाची आहे, हे आईला सांगण्याचे काम मी त्या लेकरावर सोपवले. मुलीने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग हातांनी थोडकेच काही सांगितले. आईने हसून मान डोलावली. मी 'रुग्णास समजावले' अशी नोंद केली. ती परत आली सहा महिन्यांनी, आजार पसरल्यावर. या वेळी दुभाषी सोबत होता, म्हणून उलगडा झाला. मुलीने आईला एवढेच सांगितले होते की, औषधाने बरे वाटेल. दोष तिचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून परिचारिका आणि तरुण डॉक्टरांना हा विषय शिकवणे, हे मी माझे काम मानले. २०११च्या जनगणनेनुसार आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती पन्नास लाखांहून अधिक आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये झाला. तरीही बहुतेकांना वाटते की मोठ्याने बोलले किंवा लिहून दिले की काम झाले.

प्रशिक्षणात मी प्रथम आवाज न काढता एक शब्द उच्चारते आणि तो ओळखायला सांगते. कोणी म्हणते 'पोट', कोणी 'बोट'. ओठांवर प, ब, म सारखेच दिसतात. दुखते काय, हे मात्र निराळे असते. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो आणि श्रवणयंत्रातील आवाजही फाटतो. लिहिणे उपयोगी पडते, पण सर्वांना नाही. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. तिच्यात 'काय', 'कुठे' हे प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतात, चेहऱ्यावरील भावही व्याकरणाचे काम करतो. जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी मराठी, हिंदी वा तेलुगू या नंतर शिकलेल्या भाषा असतात.

म्हणून रुग्णालाच आधी विचारावे: संवाद कसा हवा? खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहऱ्यावर उजेड असावा. दुभाषी असला तरी नजर रुग्णाकडे ठेवावी. सलाईनची सुई शक्यतो ज्या हाताने तो अधिक बोलतो त्या हाताला लावू नये. नाहीतर आपण त्याचे तोंडच बांधतो. 'समजले का?' असे विचारू नये. औषध कधी घेणार, ते त्याच्याकडूनच जाणून घ्यावे. गंभीर निदान घरच्या मुलांमार्फत कधीही सांगू नये.

दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाच्या २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत. साधने आहेत, शिकण्याची इच्छा हवी. आमच्या वर्गात शिकवायला कर्णबधिर शिक्षिका येतात. पहिल्या तासाला डॉक्टर गोंधळतात, संकोचतात. तो गोंधळ हाच मला सर्वांत मोलाचा धडा वाटतो, कारण त्यांचा रुग्ण रोज तेच भोगत असतो.

शेवटी एक आठवण. हजेरी घेताना कोणी 'हजर' म्हटले नाही, तर आपल्या बाई मान वर करून बाकाकडे पाहत आणि मगच गैरहजेरी मांडत. रुग्णालयांत मात्र तीनदा नाव पुकारतात आणि उत्तर आले नाही की कागद तळाशी जातो. न ऐकू येणारा माणूस समोरच बसलेला असतो. आपल्यापैकी ज्यांचे दवाखाने, औषधांची दुकाने, प्रयोगशाळा आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती: कागद खाली सारण्यापूर्वी एकदा बाकाकडे पाहा.